सगळ्या प्रश्नावल्या परत आल्या

माईणकर मॅडमना खोटं बोलणाऱ्या माणसाचा फारसा राग येत नसे. त्यांना राग यायचा तो खरं बोलणाऱ्याचा. म्हणजे बोलतोय ते खरंच, पण ते आपल्याला कळलं कसं हे ज्याला सांगता येत नाही, अशाचा. अशी माणसं जगात ढिगानं. मी त्यातलाच एक, त्यामुळे पहिली दोन वर्षं मी त्यांच्याकडून नुसतं ऐकूनच घेतलं. ऐकून घेतलं म्हणजे काय, तर "अहो शिंदे, तुम्हाला कसं कळलं?" एवढंच. पण हे त्या इतक्या थंडपणे विचारत की त्यापेक्षा आमच्या गावाकडची कचकचीत शिवी बरी वाटावी.

मी साताऱ्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. पीएच.डी. केल्याशिवाय पुढं सरकता येत नाही असं कळल्यावर चाळिशीत नाव नोंदवलं आणि दर शनिवारी पहाटेची गाडी पकडून कोर्सवर्कला सांगलीला जाऊ लागलो. विषय ग्रंथालय आणि माहितीशास्त्र. यात संशोधन असतं हे लोकांना पटत नाही. माझे सासरे अजूनही पाहुण्यांना सांगतात, "जावई पुस्तकं कपाटात कशी लावायची यात डॉक्टर झालेत." मी आता काही बोलत नाही.

मॅडम माझ्या मार्गदर्शक, आणि सगळ्यात अवघड पेपरही त्यांच्याकडेच होता, संशोधनाच्या तात्त्विक बैठकीचा. माहिती म्हणजे काय, ती माणसाच्या डोक्यात असते की कागदावर, माणसाला काय हवंय हे बाहेरच्याला कळू शकतं का, असले प्रश्न. बाकीचे प्राध्यापक नोट्स देत. प्रत्यक्षवाद एक पान, अन्वयार्थवाद दीड पान, आणि परीक्षेत ओकून टाकलं की सुटका. मॅडम नोट्स देत नसत. पहिल्या शनिवारी त्यांनी आम्हा अकरा जणांना एकच विचारलं, "तुमच्या कॉलेजातल्या मुलांबद्दल तुम्हाला नक्की माहीत असलेली एक गोष्ट सांगा." मी छाती पुढं काढून म्हणालो, "मॅडम, आजकालची पोरं वाचत नाहीत." झालं! पुढचा पाऊण तास माझी सालटी निघत होती. शेवटी मला एवढंच कबूल करावं लागलं की पोरं माझ्या वाचनालयात येत नाहीत. ती कुठं काय वाचतात हे मला माहीत नव्हतं.

बाई दिसायला किरकोळ. सुती साडी, केसांचा घट्ट आंबाडा, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. टिपणं कायम पेन्सिलीनं. "पेननं लिहिलं की माणूस हट्टाला पेटतो," असं त्यांचं म्हणणं. शिपायापासून कुलगुरूंपर्यंत सगळ्यांना अहो-जाहो, आणि दोघांशी बोलताना आवाज तेवढाच. त्यांच्या घरचं मला फार माहीत नाही. सांगलीतच विश्रामबागेत राहायच्या, एकट्याच. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

एकदा मंडईत त्यांच्याबरोबर होतो. भाजीवाली म्हणाली, "घ्या बाई, वांगी लय कोवळी हायत."

"तुम्हाला कसं कळलं?"

मी कपाळावर हात मारला. भाजीवाली मात्र बधली नाही. "आवं, सकाळी मीच तोडल्यात की. देठाचं काटं टोचल्यात, ह्यो बघा हात."

मॅडमनी तो हात खरंच नीट बघितला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमच्या तिसऱ्या प्रकरणात एवढं तरी पाहिजे." वांगी घेतली आणि चालू लागल्या. माझं तिसरं प्रकरण त्या दिवशी दुसऱ्यांदा परत आलं होतं, हे भाजीवालीला कुठून ठाऊक असणार?

पण स्वतःची चूक निघाली तर बाई तिथल्या तिथे कबूल करायच्या. प्रबंधात 'सैद्धांतिक चौकट' नावाचं एक प्रकरण असतं. बहुतेक जण ते शेवटी कुठून तरी उचलून डकवतात. त्यावर चिडून मॅडम वर्गात म्हणाल्या, "भिंत बांधून झाल्यावर चौकट बसवताय होय?" आमच्यात एक जण गवंड्याच्या घरातला होता. तो उठून म्हणाला, "मॅडम, बांधणारे कुणीच तसं करत नाहीत. चौकट आधी उभी करतात, हळद-कुंकू लावतात, मग भिंत चढते." खरं तर तो त्यांच्याच बाजूनं बोलत होता, पण मॅडमना ते नवीन होतं. "असं का? मला वाटायचं, काही गवंडी भिंतीत जागा सोडतात आणि मागून बसवतात. म्हणजे मी न बघता दाखला दिला. लिहून घ्या, माझं चुकलं." आम्ही मुकाट्यानं लिहून घेतलं. सगळ्या कोर्सवर्कमध्ये त्यांनी सांगितलेली तेवढी एकच नोट माझ्या वहीत आहे.

वाईच्या एसटी स्टँडची गोष्ट तर मी आता माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो. मॅडमनी आम्हा चौघांना तिथं चौकशीच्या खिडकीसमोर तीन तास बसवलं. गाड्यांचं वेळापत्रक भिंतीवर मोठ्या अक्षरांत होतं, शिवाय निम्म्या लोकांच्या हातात मोबाइल. तरी जो येईल तो खिडकीपाशी जाऊन "पुण्याची किती वाजता?" विचारायचा, आणि तिथून निघाला की बाकावर बसलेल्या कुणालातरी तेच परत विचारायचा. मी एका म्हातारीला गाठलं. म्हटलं, आजी, खिडकीत सांगितलं ना तुम्हाला? ती म्हणाली, "सांगितलं बाबा. पर त्या भोकातनं त्याचं त्वांड कुठं दिसतंय? त्वांड बघितल्याबिगर इस्वास कसा ठिवायचा?"

सांगलीला येऊन हे सांगितलं तेव्हा मॅडम पहिल्यांदा माझ्यावर खूश झाल्या. पेन्सिल खाली ठेवून म्हणाल्या, "शिंदे, त्या बाईंनी तुम्हाला फुकटात एक सिद्धांत दिला." त्या आठवड्यात माझं तिसरं प्रकरण पास झालं.

आता ज्या कामामुळे मॅडमना लोक ओळखायचे, त्याबद्दल. तरुणपणी त्यांनी आटपाडी तालुक्यातल्या एका गावच्या सार्वजनिक वाचनालयात पाहणी केली होती. दुष्काळी भाग, दिवसातून दोन एसट्या. गावातले वाचक माहिती कशासाठी शोधतात, हा विषय. निष्कर्ष असा निघाला की माणूस स्वतःसाठी कमी आणि दुसऱ्यासाठी जास्त शोधतो. कुणी शेजाऱ्याच्या पेन्शनचे नियम बघायला येतो, कुणी आंधळ्या सासूला वाचून दाखवायला पुस्तक नेते. त्याआधी आमच्या विषयात वाचक म्हणजे एकटा माणूस आणि त्याची गरज, असंच धरून चालत. मॅडमचा लेख छापून आला आणि पुढं जो तो त्याचाच आधार घेऊ लागला. माझ्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण अख्खं त्यावर उभं आहे.

त्या लेखात एक वाक्य होतं, 'वाटलेल्या सर्व प्रश्नावल्या वाचकांकडून भरून परत आल्या.' ज्यानं कधी प्रश्नावल्या वाटल्या असतील त्याला विचारा. शंभर वाटल्या तर चाळीस मिळवताना जीव मेटाकुटीला येतो. आम्हाला या वाक्याचा हेवा वाटायचा. कसं जमलं, असं मात्र कुणी विचारलं नाही. आम्ही नाही, आणि दिवसातून वीस वेळा तोच प्रश्न विचारणाऱ्या मॅडमनीही नाही.

मॅडमच्या निवृत्तीला दोन महिने उरले असताना त्या गावानं त्यांचा सत्कार ठेवला. मीच माझ्या गाडीतून घेऊन गेलो. वाचनालयापुढं मांडव, स्पीकर, शाल-श्रीफळ, स्पर्धा परीक्षेला बसलेली पोरं मागच्या खुर्च्यांवर मोबाइल बघत. प्रास्ताविकाला गळवे आण्णा उभे राहिले. हे तिथले ग्रंथपाल, पांढरा सदरा, टोपी, वय सत्तरीला टेकलेलं, पगार नावाला. त्यांनी माइक दोन्ही हातांनी धरला.

"मॅडमनी आपल्या गावाचं नाव पार कुठल्या कुठं नेलं. तवा त्या तरण्या हुत्या. एसटीनं आल्या, कागदाचा ह्यो एवढा गठ्ठा माझ्याकडं दिला, म्हणाल्या, वाचकांकडनं भरून घ्या, पंधरा दिसांनी येते. आता ते दीस ज्वारीच्या काढणीचं. समदी रानात. आन् कागदावर लिवलेलं काय, तर 'आपली माहितीविषयक गरज नमूद करा'! आमची मान्सं सही म्हटलं की घाबरत्यात. मग म्या काय केलं? म्हटलं, मॅडमना तरास नगो, लांबनं येत्यात बिचाऱ्या. रोज रात्री बसलो, आन् एकेका वाचकाच्या नावानं समदं कागद म्याच भरलं! येक बी कोरा ठिवला न्हाई!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सरपंचांनी तर उठून आण्णांच्या पाठीवर थाप मारली.

मी मॅडमकडे बघितलं. मांडीवर नारळ, खांद्यावर शाल, चेहरा होता तसाच. मग त्यांनीही टाळ्या वाजवल्या. सगळ्यांच्या मागून दोन-तीन.

कार्यक्रम झाल्यावर चहा घेताना त्यांनी आण्णांना बाजूला घेतलं. म्हणाल्या, "गळवे, कोण काय म्हणेल हे तुम्हाला कसं कळलं?"

आण्णांना प्रश्नच समजेना. "कसं कळलं म्हंजी? रोजची मान्सं हायत की मॅडम. कोन काय नेतंय, कुनासाठी नेतंय, कवा परत आणतंय, समदं माज्या हाताखालनं जातंय."

"आभारी आहे," मॅडम म्हणाल्या. परत येताना तासगाव आल्यावर त्या म्हणाल्या, "शिंदे, पुढचे तीन शनिवार मोकळे ठेवा."

त्या तीन शनिवारी आम्ही जुने वाचक शोधत हिंडलो. मॅडमनी मूळ प्रश्नावल्या जपून ठेवल्या होत्या. अक्षर सगळीकडे एकच होतं, पण आण्णा वाचकांना विचारून लिहून घेत असतील, असं त्यांनी तेव्हा धरलं होतं. बरेच वाचक वारले होते, काही पोरांकडे पुण्याला गेले होते. उरले त्यांच्या ओसरीवर आम्ही बसायचो, मॅडम विचारायच्या, मी जुन्या प्रश्नावलीशी ताडून बघायचो. आणि काय सांगू, काही जुळेना! आण्णांच्या कागदावर एक, माणसाच्या तोंडात दुसरंच. एक शकुंतलाबाई होत्या. कागद सांगत होता, सासूला वाचून दाखवायला रहस्यकथा नेतात. त्या म्हणाल्या, "छ्या छ्या, मी आपली पोथी वाचायची. बाकी कशाला हात लावला न्हाई कवा." शेजारी नवरा बसला होता. तो बैलाला पाणी दाखवायला उठून गेला, तशा त्या पुढं सरकल्या आणि हळूच म्हणाल्या, "खुनाची असली म्हंजी आत्याबाईंना लय आवडायची. रात्री सांगायच्या, वाच गं, म्होरं काय झालं? ह्यास्नी सांगू नगा हां."

असं एकदा नाही, चार ठिकाणी झालं. एका निवृत्त फौजीनं आधी सांगितलं, मी फक्त वर्तमानपत्र वाचायचो. चहा झाल्यावर कबूल केलं की शेजारणीच्या मुलीची पत्रिका जुळवायला ज्योतिषाची पुस्तकं न्यायचो. कागदात तेच होतं. शिवाय वाचनालयाचं जुनं देवघेव रजिस्टर शाबूत होतं. ते उघडून बघितलं तर जिथं जिथं ताडता आलं, तिथं तिथं आण्णाच बरोबर निघाले.

मला एवढा आनंद झाला म्हणता! परत येताना मी गाडी एका हॉटेलापाशी थांबवली, दोन चहा सांगितले आणि म्हणालो, "मॅडम, सुटलो. निष्कर्ष बरोबरच आहेत. उलट वाचकांनी स्वतः भरल्या असत्या तर सगळ्यांनी पोथीच लिहिली असती आणि तुमचा लेख चुकला असता."

"हो. चुकलाच असता."

"मग आता विषय संपला."

त्यांनी चहा बशीत ओतला. "मी लिहिलंय की वाचकांनी सांगितलं. वाचकांनी मला काहीही सांगितलेलं नाही. लेख मागे घ्यावा लागेल."

मी तेव्हा फार बोललो. आज आठवलं तरी लाज वाटते, पण बोललो ते बोललो. म्हटलं, मॅडम, निवृत्तीला महिना राहिलाय, गुपचूप निरोप घ्या. चाळीस वर्षांत तुमचं म्हणून हे एकच काम लोकांना ठाऊक आहे, ते हातानं पुसताय? आमच्यासारख्यांच्या प्रबंधांचं काय? आणि शेवटी म्हणालो, "खरं आहे ना? मग कसं कळलं याच्याशी कुणाला काय देणंघेणं?"

हे शेवटचं वाक्य ही माझी चूक. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की इतकी वर्षं मी कुणाकडे शिकलो, हे त्यांनाच आठवेना जणू. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "शिंदे, मला हे काम फार आवडायचं हो." आणि डोळ्याला पदर लावला. त्यांच्या डोळ्यात पाणी मी तेवढं एकदाच बघितलं. बिल देऊन निमूट गाडीत येऊन बसलो.

लेख मागे घेणं सोपं नव्हतं. नियतकालिकाच्या संपादकांचा फोन आला, "मॅडम, आता कशाला उकरून काढताय? आमच्याकडे तशी पद्धतच नाही." विभागप्रमुख म्हणाले, सबुरीनं घ्या. निवृत्तीच्या समारंभात त्यांच्या त्याच लेखावर तीन जण भाषणं करणार होते. मॅडमनी ती रद्द करायला लावली, आणि स्वतः उभं राहून काय झालं ते दहा मिनिटांत सांगितलं. लोक अवघडून बसले होते. जेवणाच्या वेळी एक जण माझ्या कानाशी म्हणाला, "म्हातारी चळली." दुसरा म्हणाला, म्हणजे इतकी वर्षं आपल्याला फसवलंच की. मी हातातलं ताट ठेवून निघून आलो.

मग मॅडमनी स्वतःच एक चिठ्ठी छापून घेतली, चार ओळींची. 'या लेखातील माहिती वाचकांनी दिलेली नाही. ती त्या वाचनालयाचे ग्रंथपाल श्री. गळवे यांनी वाचकांविषयी दिलेली आहे. ती बरोबर असावी असे मला वाटते. परंतु ती मी वाचकांकडून मिळवली असे म्हणणे खोटे आहे.' खाली सही. सांगली, सातारा, वाई, औंध, जिथं जिथं तो अंक बांधून ठेवलेला असेल तिथं एसटीनं जाऊन, ग्रंथपालाची परवानगी घेऊन, लेखाच्या पहिल्या पानावर स्वतःच्या हातानं त्या ती चिकटवत. माझ्याकडेही आल्या. माझ्या प्रबंधासाठी एक चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "हिचं काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा." खोटं कशाला बोलू, दोन महिने ती माझ्या ड्रॉवरमध्ये पडून होती. मग लावली. कुणालाच काही फरक पडला नाही, प्रबंध उघडतो कोण?

शेवटचं गाव आटपाडीकडचं, आण्णांचंच होतं. मॅडम एकट्याच जायला निघाल्या होत्या, पण मला ते बरं वाटेना म्हणून मीही गेलो. दुपारची वेळ होती. वाचनालयात पोरं मान खाली घालून अभ्यास करत होती. आण्णांनी चष्मा लावून चिठ्ठी वाचली, परत वाचली, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"म्हंजी म्या केलं ते खोटं का मॅडम?"

"नाही. तुमचं खरं आहे. खोटं माझं आहे."

"मग ह्यो कागुद कशापायी?"

"वाचकांना विचारलं असं मी लिहिलं, आणि विचारलं नव्हतं."

आण्णांनी चष्मा काढला. त्यांनी चिठ्ठीची कड अंगठ्यानं सरळ केली. रागावले होते, पण राग काढायची सवय नसलेला माणूस. हळू आवाजात म्हणाले, "आवं मॅडम, त्यास्नी विचारलं न्हाई ते ऱ्हाऊ द्या. मला तरी कुठं विचारलं तुमी? तुमी कागुद दिलं वाटायला. शिपायाला द्यावं तसं. येवढी मान्सं मला ठावं हुती, पर तुमी एकदा बी म्हणाला न्हाई, गळवे, तुमी सांगा. म्हणला असता तर म्या बसून समदं सांगितलं असतं. चोरून भरायची पाळीच आली नसती."

समोरचं पोरगं पुस्तकातून मान वर करून बघायला लागलं. मी उगाच म्हणालो, मॅडम, निघूया, अंधाराच्या आत पोचू.

त्यांनी टेबलापाशी आण्णांसमोरची खुर्ची ओढली. पिशवीतून वही काढली, पेन्सिल काढली. टोक बघितलं.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "आता विचारते. गळवे, तुम्ही सांगा."

आण्णांनी उठून कपाटातून जुनं रजिस्टर काढलं, फडक्यानं पुसलं आणि पहिल्या नावावर बोट ठेवलं. मी बाहेर गाडीत जाऊन बसलो. दार उघडंच होतं. आण्णा बोलत होते आणि मॅडम खाली मान घालून लिहीत होत्या. मध्येच हात वर करून त्या त्यांना थांबवायच्या, लिहून झालं की मान हलवायच्या, आणि आण्णा पुढचं नाव घ्यायचे.

पुढचा पावसाळा यायच्या आधीच मॅडम वारल्या. वही अर्धीच भरलेली होती.